पाच मोजेपर्यंत

आमच्या घरात एक आवाज कधी थांबत नाही. मधल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा. आलेल्या पाहुण्याला तो पहिली पाच मिनिटं खुपतो आणि मग ऐकू येईनासा होतो. मला मात्र तो फोडणीच्या चरचरीतून ऐकू येतो, नळाच्या धारेतून येतो, झोपेतही येतो. तो चालू आहे, म्हणजे माझी चैतू झोपू शकते.

खंडेनवमीच्या दिवशी, बाराला वीस मिनिटं कमी असताना मी पुरण वाटत होते आणि तो आवाज थांबला.

माझा हात तिथेच राहिला. मग 'पी' असं बारीक वाजलं आणि पंखा पुन्हा घरघरला. लाईट जाऊन आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण डोक्यावरचा पंखा तर फिरतच होता. तेवढ्यात कॉम्प्युटर पुन्हा थांबला. पुन्हा पी. पुन्हा घरघर. पुन्हा शांत.

पुरणाच्या हातानेच मी मधल्या खोलीत गेले. पडद्यावर कंपनीचं निळं चिन्ह उमटत होतं, नीट दिसेपर्यंत विझत होतं, आणि थोड्या वेळाने परत उमटत होतं. खाली सतरंजीवर चैतू झेंडूची फुलं कुस्करत बसली होती. नाक वाहत होतं, डोळे सर्दीने लालसर. मला बघून तिने पाकळ्यांची मूठ पुढे केली आणि म्हणाली, "आई, घे."

जागी आहे, मी मनात म्हटलं. जागी आहे तोवर काही होत नाही.

चैतू दीड वर्षाची आहे. जागेपणी ती कुठल्याही पोरीसारखी श्वास घेते, पळते, किंचाळते, कोंबड्यांच्या मागे लागते. झोप लागली की मात्र तिचं शरीर श्वास घ्यायचं विसरतं. आपण झोपतो तेव्हा मेंदूच्या देठाशी एक पहारेकरी जागा असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठला ते तो चाखत बसतो, आणि जास्त झाला की छातीखालच्या पडद्याला हाक मारतो. चैतूच्या पहारेकऱ्याला जन्मापासून चवच कळत नाही. एका जनुकातली बारीकशी चूक. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, मग ती गुदमरून उठेल ना? ते म्हणाले, नाही, तीच तर अडचण आहे. ती गुदमरणार नाही. वायू साठत जाईल तशी तिला आणखी छान झोप लागेल.

'छान' हा शब्द मी तेव्हापासून वापरलेला नाही.

पूर्वी अशा मुलांच्या गळ्याला भोक पाडून नळी घालायचे. चैतूला श्वासपट्टी मिळाली. सोलापूरच्या एका इस्पितळात तिची चाचणी चालली आहे, बारा मुलांवर. मानेला उजव्या बाजूला चिकटलेली, चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी पट्टी. छातीखालच्या पडद्याला हलवणारी नस मानेतून जाते. पट्टी कातडीवरूनच तिला विजेचा हलका टिचका देते आणि छाती भरते. टिचका देणं सोपं आहे. तो नेमका कधी द्यायचा, किती, हे अवघड. घसा उघडा आहे का, सर्दी आहे का, नुकतंच दूध प्यायली आहे का, कूस बदलते आहे का, सगळं बघावं लागतं. म्हणून सहा महिने यंत्राने चैतूचा जागेपणीचा श्वास ऐकला आणि त्यातून फक्त तिच्यापुरती एक लय शिकून घेतली. एवढं गणित त्या पट्टीत मावत नाही. नेट आमच्याकडे कधीही जातं, म्हणून ते दूर कुठेतरी करायचं नाही, घरातच करायचं, असा डॉक्टरांचा आग्रह.

आता कॉम्प्युटर कोणाच्या घरात राहिलाय? मंगळवेढ्यात तो दुरुस्त करणारं शेवटचं दुकान बंद होऊनही चार वर्षं झाली. लोक चष्म्यात बघतात आणि हवेत बोटं नाचवतात. पण मी लग्नाआधी सांगोल्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, आणि क्लास बंद झाला तेव्हा एक यंत्र आठवण म्हणून घेऊन आले होते. इस्पितळातले इंजिनियर इम्तियाज बागवान यांनी ते बघितलं आणि हसले, ताई, हा तर माझ्याच वयाचा निघाला. मग त्यातच सगळं बसवून दिलं. लाईट गेली आणि आली की आपोआप चालू होईल, अशी सोय केली. चैतू चालायला लागल्यावर पुढचं बटणही त्यांनी निकामी केलं, म्हणजे तिने सहज दाबलं तर काही होऊ नये. पुढच्या वर्षी नवी पट्टी येणार होती, स्वतःचं गणित स्वतः करणारी. तेवढं एक वर्ष काढायचं होतं.

कॉम्प्युटरशी संबंध तुटला की पट्टी दहा मिनिटं साध्या ठोक्यावर चालते आणि मग आपणहून थांबते. चुकीच्या वेळी टिचका बसला, घसा मिटलेला असताना छाती ओढली गेली, तर ते थांबण्यापेक्षा वाईट. थांबल्यावर ती नुसती नोंद घेत राहते: छाती किती हलली, प्राणवायू किती. मानेवरचा हिरवा ठिपका आधी पिवळा होतो, मग लाल.

मी चैतूला उचललं तेव्हा तो पिवळा होता.

नवऱ्याला फोन लावला. शिरीष जतच्या पवनचक्क्यांवर देखभालीचं काम करतो. वर चढताना फोन खाली कपाटात ठेवावा लागतो. वाजून वाजून बंद झाला. रुग्णवाहिकेला फोन केला. सणाची गर्दी, म्हणाले, चाळीस मिनिटं धरा. मग बागवानांना लावला. ते जेवायला बसले होते; भांडं सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला.

फोनवरचं बोलणं ऐकून आत्या भट्टीच्या खोलीतून आल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमचं घर लोहाराचं. सासरे गेल्यापासून भट्टी थंड आहे, पण खंडेनवमीला आत्या ऐरण, घण, सांडशी, भाता, अगदी पान्हे आणि पेचकससुद्धा धुऊन मांडतात. लोखंडावर कोरडं कुंकू धरत नाही, म्हणून तेलात कालवून अंगठ्याने दाबून लावतात. एकदा पुजलं की दसरा उजाडेपर्यंत कोणी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्यांची ती सुट्टी. या वर्षी त्यांनी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावून वर फूल ठेवलं होतं. लेकराचा श्वास ओढतंय ते, त्याला कसं वगळू, असं त्यांचं म्हणणं. मी ओलं फूल तेवढं उचलून चैतूला खेळायला दिलं होतं आणि बाकी काही बोलले नव्हते.

आता त्या दारात उभ्या राहून यंत्राचं उघडमीट बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "वैजू, मी पुजलं म्हणून ते सुट्टीवर गेलं का गं?"

"आत्या, मशीन आहे ते," मी म्हटलं. "तुमच्या घणासारखं नाही."

मला तसं बोलायचं नव्हतं. पण तेव्हा माझ्या तोंडात मऊ शब्दच नव्हते.

बागवानांनी एकेक विचारायला सुरुवात केली. पी किती वेळा वाजतं? एकदाच. चिन्ह दिसतं? दिसतं आणि जातं. सगळ्या वायरी काढा, फक्त लाईटची आणि पडद्याची ठेवा. मी एका हाताने काढल्या, दुसऱ्या कडेवर चैतू. काही फरक नाही. काही जळल्याचा वास? नाही. मग आतून बघावं लागेल ताई, ते म्हणाले. बाजूचा पत्रा काढा.

आणि तेवढ्यात चैतूने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

दोन रात्री ती सर्दीने नीट झोपली नव्हती. अकरा वाजता मीच तिला सर्दीचं औषध दिलं होतं, अर्धा चमचा, झोप आणणारं. तेव्हा पंखा घरघरत होता, तेव्हा झोप चांगली गोष्ट होती. मी तिला हलवलं, अंगणात नेलं, कोंबड्या दाखवल्या. तोंडावरून ओला हात फिरवला तेव्हा ती रडली, आणि मला इतकं बरं वाटलं. मग रडणं बारीक झालं. आत्यांनी टाळ्या वाजवल्या, पितळी ताटावर चमचा बडवला. चैतू त्यांच्याकडे बघून हसली आणि हसता हसता तिचे डोळे मिटले.

बाळाचं डोकं खांद्यावर जड होतं, तो क्षण सगळ्या आयांना किती आवडतो. मी तिला घेऊन आत धावले.

मानेवरचा ठिपका लाल होता. तिची छाती एकदा उचलली, मग थोडी उचलली, मग नाही.

अंबू बॅग आमच्या पलंगाच्या उशाशीच लटकलेली असते. रबरी फुगा, पुढे मास्क. तोंडानाकावर धरायचा आणि फुगा दाबायचा. चैतूला सतरंजीवर ठेवलं, हनुवटी वर केली, पायाच्या बोटाला प्राणवायूचा चिमटा लावला आणि दाबायला लागले. शिकवलं होतं तसंच. पण शिकवताना समोर बाहुली होती. माझा हात माझं ऐकत नव्हता. मी जोरात दाबत होते, भराभर दाबत होते. चिमट्यावर ब्याण्णव दिसत होतं. मग नव्वद. हवा पोटात चालली होती, तिचं पोट टम्म व्हायला लागलं. एकोणनव्वद.

"ताई," फोनमधून बागवान म्हणाले, "हळू. आणि यंत्र कोण उघडतंय?"

कोणीच उघडत नव्हतं. घरात हात चार होते, आणि दोन्ही कामं येणारी मी एकटी होते. म्हणजे इतके दिवस मी तसंच धरून चालले होते. इस्पितळात बॅग शिकवायला बसवलं तेव्हा आत्याही होत्या. त्यांनी मास्क थोडा तिरका धरला, आणि मी सगळ्या नर्सबायांसमोर त्यांच्या हातातून तो ओढून घेतला होता. म्हटलं होतं, राहू द्या, मी आहे ना. त्यानंतर त्यांनी कधी बॅगेला हात लावला नाही, मीही कधी सांगितलं नाही. वर्षभर मी बाजारात गेले की चैतूला झोपू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम होतं. तिच्या आजीचं.

आता त्या माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या होत्या. हात धुऊन, पदराला पुसून आल्या होत्या. मला ते कळलंही नव्हतं.

"दे इकडं," त्या म्हणाल्या.

"आत्या, जोरात नाही दाबायचं, आणि खूप—"

"वैजू. चाळीस वर्सं भाता ओढला मी. जोरात ओढला की कोळसा उडतो, मंद ओढला की इझतो. आणि सोडल्यावर भाता भरून यीस्तवर दम धरावा लागतो, ते तू धरंना. तू तुझं बघ जा."

मी मास्क सोडला. बोट बोट करून सोडला. त्यांनी तो धरला, या वेळी सरळ, आणि दुसऱ्या हाताने फुगा दाबला. हलकेच. चैतूची छाती उचलली. पोट नाही, छाती. "दाब," त्या स्वतःशीच म्हणाल्या, मग "सोड," आणि सोडल्यावर अगदी जराशा थांबल्या. दाब. सोड. नव्वद. दाब. सोड. ब्याण्णव.

माझ्या लेकीकडे पाठ करून बसणं, याइतकं अवघड मी काही केलेलं नाही.

पत्रा काढायला पेचकस हवा होता, आणि घरातला एकुलता एक पेचकस ऐरणीपुढे पुजलेला होता. मी दारात अडखळले. आत्यांनी मान वर न करताच सांगितलं, "उचल. देव बघून घील." उचलला. त्याच्या दांड्यावरचं कुंकू माझ्या तळहाताला लागलं. तेलकट, चिकट, वाळत आलेलं. ओढणीला पुसलं तरी जाईना.

चार स्क्रू. पत्रा निघाला. आत दोन वर्षांची धूळ. बागवान सांगत होते तसं मी मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांची टोकं रबराने पुसायची असतात, पण घरात पेन्सिल नाही तर रबर कुठलं. ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसल्या. परत बसवल्या. वायर जोडली.

पी. निळं चिन्ह. अंधार.

एक पट्टी लावून बघा. बघितलं. आता दुसरी. बघितलं. बोर्डावरचा गोल सेल काढून परत घाला. घातला. पी, निळं चिन्ह, अंधार.  अखेर बागवान म्हणाले, वीजपुरवठ्याचा डबा गेला असावा. तसा डबा आता सोलापुरातही मिळणार नाही ताई. तुम्ही बॅग चालू ठेवा, गाडी येतेच आहे.

गाडीला अजून वीस मिनिटं होती. नव्वदवरचा आकडा पुन्हा एकेक घसरत होता. सर्दीने नाक भरलं होतं. आत्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, आणि तो पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. मी पुसला.  त्यांची लय मोडली नाही.

दाब. सोड. दाब. सोड.

मी तिथेच, दोघींच्या आणि यंत्राच्या मध्ये बसले होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ऐकत होते. पी वाजायचं, आत्या दाब म्हणायच्या, सोड म्हणायच्या, दाब, सोड, आणि पंखा थांबायचा. पी. दाब, सोड, दाब, सोड, थांबला. पी. दाब, सोड, दाब, सोड. थांबला. प्रत्येक वेळी दुसऱ्या सोडीला. चुकून एकदाही तिसऱ्या दाबापर्यंत गेला नाही.

बिघडलेली वस्तू इतकी शिस्तीने बिघडत नाही. डबा गेला असता तर कधी लवकर विझला असता, कधी उशिरा. हे कोणीतरी मोजून करत होतं.

आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला. सांगोल्याचा तो क्लास, बारा खुर्च्या, आणि मी दर बॅचला न चुकता सांगते आहे: कॉम्प्युटर अडकला आणि काहीच ऐकेनासा झाला तर घाबरायचं नाही. पुढचं बटण दाबून धरायचं, पाच मोजेपर्यंत. मग तो बंद होतोच.

बागवानांनी बटणाचं साधं दाबणं निकामी केलं होतं. पण पाच मोजेपर्यंत दाबून धरणं कोणालाच निकामी करता येत नाही. ते थेट बोर्डातच असतं.

मी यंत्राच्या पुढे आले. सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरच होतं ते. काळ्या दर्शनी भागावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. कुंकवाचं बोट बरोबर बटणावर. आणि बटण आत गेलेलं. तेलातलं कुंकू चारी बाजूंनी फटीत उतरून, यंत्राच्या उबेने वाळून घट्ट झालं होतं. एक न दिसणारं बोट ते बटण दाबून धरत होतं, पाच मोजून यंत्र बंद करत होतं, आणि तेच बोट त्याला परत चालू करत होतं.

केसातली पिन काढून उचकायला गेले. वाकली. बटण हललं नाही. एक्याऐंशी, आत्या म्हणाल्या. त्यांना आकडे वाचता येतात याचं तेव्हा नवलही वाटलं नाही, एवढंच कळलं की त्यांच्या आवाजात पहिल्यांदा भीती होती.

आत हात घातला. बटणापासून दोन बारीक वायरी बोर्डापर्यंत जातात, एक लाल, एक काळी, टोकाला बोर्डात खोचलेलं नखाएवढं टोपण. विद्यार्थ्यांना मी नेहमी दाखवायचे आणि कोणी लक्ष द्यायचं नाही. चिमटीत धरलं आणि उपटलं. यंत्रापुरतं आता ते बटण जगात नव्हतं. लाईटची वायर काढली, परत लावली.

पी.

निळं चिन्ह. मी मोजायला लागले. एक. दोन. आत्या म्हणाल्या, दाब. तीन. सोड. चार. दाब. पाच.

सोड.

सहा, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण बागवान फोनमधून म्हणाले, काय ताई? सात, मी म्हटलं. आठ.

पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. इतक्या वेळा अर्ध्यात बंद पडल्यामुळे ते स्वतःला तपासत होतं, हळूहळू, म्हाताऱ्या माणसाने खिसे चाचपावेत तसं. अडीच मिनिटं लागली. मी पुन्हा आत्यांसमोर बसले, चैतूची हनुवटी धरली, म्हणजे त्यांना एक हात मोकळा मिळाला. पंच्याऐंशी. सत्त्याऐंशी. लाल ठिपका पिवळा झाला. मग हिरवा.

"सोडू?" आत्यांनी विचारलं.

बागवान म्हणाले, सोडा आणि बघा. पण त्यांनी विचारलं होतं मला, आणि उत्तर मलाच द्यायचं होतं.  मी मान हलवली. त्यांनी मास्क बोटभर वर उचलला, तसाच अधांतरी धरून ठेवला, आणि आम्ही दोघींनी श्वास रोखला.

चैतूची छाती उचलली. आपणहून. खाली गेली. पुन्हा उचलली.

आत्यांनी बॅग मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. त्यांची नजर यंत्राकडे गेली. उघडा पत्रा, लोंबणारी वायर, बटणाभोवती पिनेने उकरलेलं कुंकू. त्यांना सगळं समजलं. सांगायची गरजच पडली नाही.

"माझ्या बोटानं," त्या म्हणाल्या.

मी म्हणू शकले असते की वायर निसटली होती. तेवढं खोटं माझ्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात चैतूची मूठ झोपेत उघडली. झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट टोकाला लालभडक. सकाळी दहाला आत्यांनी कुंकू लावलं, तेव्हा दाबलेलं बटण पुन्हा वर आलं असणार, नाहीतर यंत्र तेव्हाच बंद पडलं असतं. बाराच्या आधी ही उठून, त्या लाल टिकलीला बोट लावून जयजय करून आली होती. ते बोट मी आत्यांना दाखवलं.

आत्यांनी ते बोट हातात घेतलं. "आणि तिला जयजय करायला कोणी शिकवलं," त्या म्हणाल्या.

मग मला हसू आलं, आणि हसता हसता मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. चिमट्यावर पंच्याण्णव होतं. ते बघत रडले.

गाडी आली. सोलापूरला एक रात्र ठेवून घेतलं. छाती स्वच्छ निघाली. शिरीष पवनचक्कीवरच्या कपड्यांतच थेट तिकडे आला आणि काचेतून चैतूला बघत राहिला. कसं झालं, त्याने विचारलं. मी म्हटलं, बटण अडकलं होतं, आणि आत्यांनी तिला सव्वीस मिनिटं श्वास दिला. 

दसऱ्यानंतर चार दिवसांनी बागवानांचा फोन आला. पट्टी थांबलेली असताना घेतलेल्या नोंदी यंत्राने मागाहून वाचल्या होत्या, असं ते म्हणाले. त्या सव्वीस मिनिटांत सर्दी असूनही पोरीचा प्राणवायू शेवटी सावरला, म्हणून यंत्राने तो श्वासही चांगल्यात धरला आणि आपल्या लयीत मिसळून घेतला. नियमाप्रमाणे हा बाहेरचा नमुना. सांगत असाल तर काढून टाकतो. ठेवला तरी चालेल, त्या दिवसापासूनचे आकडे थोडे बरेच आहेत. पण तुम्ही आई आहात, तुम्ही ठरवा.

मी घाबरले. जे सहा महिन्यांत नीट घडवलं होतं, त्यात काहीतरी मिसळलं होतं. मी त्यांना थांबायला सांगितलं, फोन तसाच हातात घेऊन मधल्या खोलीत गेले. दुपार होती. चैतू झोपली होती. मी तिच्याजवळ कान नेला. छाती भरली, छाती उतरली, आणि उतरल्यावर अगदी जराशी थांबली. पूर्वी थांबत नसे. भाता भरून येईस्तोवर जेवढा दम धरावा लागतो, तेवढीच.

राहू द्या, मी बागवानांना म्हटलं.

बटणाची वायर मी परत जोडली नाही. बटण तसंच आत रुतलेलं आहे, कुंकवासकट. अंबू बॅग आता दोन आहेत, एक माझ्या उशाशी, एक आत्यांच्या. मी बाजारात जाते तेव्हा चैतूला झोप आली तर ती झोपते. भीती गेलेली नाही. ती काही जायची नाही. चैतू झोपली की आत्या भिंतीला टेकून डोळे मिटतात, आणि त्यांचा मांडीवरचा हात नकळत उघडतो, मिटतो. मी यंत्राशी बसून पंख्याचा आवाज ऐकते. एक, दोन, तीन, चार. पाचला माझं सगळं अंग थांबतं.

मग मी सहा म्हणते.